ई९ पेडल स्टील: दुसरी लीव्हर कोणती बसवू, आणि हा एमन्स-डे वाद नक्की काय आहे?

डॅलसकर

मंडळी, इथे पेडल स्टील (स्टँडवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी बार सरकवत आणि पेडलांनी, गुडघ्याच्या लीव्हरींनी तारा ओढत वाजवायची गिटार) वाजवणारं कोणी आहे का? हवाईयन गिटारवाले आहेत हे माहितीये, पण पेडलवालं कोणी असेल तर प्लीज वाचा, प्रश्न जरा लांब आहे.

मी टेक्सासमध्ये असतो. कंट्री म्युझिकला आधी नावं ठेवायचो, मग लक्षात आलं की गाणं कसंही असू दे, आपण त्यात ते रडणारं स्टील कधी येतंय याचीच वाट बघत बसतो. शेवटी एक जुनी गिटार घेतली. सिंगल नेक, दहा तारा, तीन पेडलं (डावीकडून ए-बी-सी) आणि गुडघ्याची लीव्हर एकच, तीही उजव्या गुडघ्याच्या उजव्या बाजूला. ती दाबली की दोन्ही ई अर्धा सूर खाली ई फ्लॅटला उतरतात. इथे जवळच एक काका आहेत जे स्टील दुरुस्त करतात, ते म्हणाले अजून दोन लीव्हर बसवून देतो पण कुठल्या बसवायच्या ते तू ठरवून ये. तिथेच घोळ झालाय.

मी आपला मोठ्या वादकांचे चार्ट (कुठलं पेडल, कुठली लीव्हर कुठल्या तारेचं काय करते त्याचे तक्ते) शोधायला बसलो. बडी एमन्स, जिमी डे, लॉइड ग्रीन, पॉल फ्रँकलिन. प्रत्येकाचं वेगळं! एकाचं पहिलं पेडल ते दुसऱ्याचं तिसरं, एकाची डावी लीव्हर ती दुसऱ्याची उजवी, वर पाच पाच लीव्हर. यातलं कॉपी कोणाचं करायचं? एमन्स सेटअप आणि डे सेटअप असा काहीतरी वाद आहे तो मला अजून डोक्यात शिरलेला नाही. आणि दुसरं म्हणजे, ट्यूनरवर सगळ्या तारा अगदी मधोमध लावूनसुद्धा पेडल दाबून कॉर्ड वाजवली की काहीतरी आंबट लागतं. गिटार खराब आहे का माझा कान?

पुलरॉड

आहे, वाजवणारं आहे 🙂 मी मिशिगनमध्ये, बरीच वर्षं वाजवतोय आणि त्याहून जास्त वेळ गिटार उलटी करून खालचे रॉड बघण्यात घालवलाय.

आधी घाबरू नकोस, तू काढलेले चार्ट दिसतात तेवढे वेगळे नाहीत. लांबच्या तारेपासून आपल्याकडे येत गेलं तर एफ शार्प, डी शार्प, जी शार्प, ई, बी, जी शार्प, एफ शार्प, ई, डी, बी, हे ई९ नावाचं ट्यूनिंग सगळ्यांचं एकच. तीन पेडलंही एकच. ए पेडल ५ आणि १० नंबरच्या बी ला सी शार्प करतं, बी पेडल ३ आणि ६ च्या जी शार्पला ए करतं, आणि सी पेडल ४ च्या ई ला एफ शार्प आणि ५ च्या बी ला सी शार्प. (पेडलांची नावं आणि सुरांची नावं एकच असल्यामुळे सुरुवातीला सगळ्यांचं डोकं फिरतं, तुझंही फिरेल.) या तीन पेडलांवर निम्मं कंट्री म्युझिक उभं आहे, लीव्हर सगळ्या नंतरच्या.

हे आलं कुठून तेही ऐकून ठेव म्हणजे चार्ट पाठ करावे लागणार नाहीत. पेडलं आधीपासून होती, पण लोक ती ट्यूनिंग बदलायला वापरायचे, म्हणजे दाबायचं आणि मग वाजवायचं. १९५४ मध्ये वेब पियर्सचं 'स्लोली' गाजलं, त्यात बड आयझॅक्सने तारा वाजत असतानाच पेडल दाबलं आणि कॉर्ड ऐकणाऱ्याच्या कानादेखत वाकली. मग काय, बाकीच्या स्टीलवाल्यांनी आपापल्या गिटारींवर पेडलं चढवायला सुरुवात केली. आयझॅक्सच्या एकाच पेडलवर बी आणि जी शार्प दोन्ही एकदम चढायचे. एमन्स आणि डे यांच्या पिढीने ते काम दोन पेडलांत वाटून टाकलं, आणि तिथे खरी मजा सुरू झाली कारण आता एक सोडून दुसरं दाबता येतं, दोन्ही दाबता येतात, एकावरून दुसऱ्यावर पाय लोळवता येतो. वरच्या त्या दोन तारा, एफ शार्प आणि डी शार्प, ज्या क्रमात बसत नाहीत, त्या एमन्सने १९६२ मध्ये घातल्या. आधी आठ तारांत भागत होतं.

आता एमन्स-डे. पेडलं डावीकडून ए-बी-सी असली तर एमन्स, सी-बी-ए असली तर डे. बस, पेडलांपुरता फरक एवढाच. पण लोक इथेच थांबतात आणि लीव्हरचं विसरतात, तुझा प्रश्न खरा तिथे आहे. डावा पाय ए आणि बी या दोन पेडलांवर आडवा असतो. आता फक्त ए ठेवून बी सोडायचंय. एमन्सच्या रचनेत ए डावीकडे आहे म्हणून तुझा घोटा डावीकडे कलतो, आणि घोटा डावीकडे कलला की गुडघाही आपोआप डावीकडे जातो. म्हणून ई ला वर एफ करणारी लीव्हर डाव्या गुडघ्याच्या डावीकडे हवी. कारण ए पेडल आणि ती लीव्हर सारखी एकत्र लागतात. डे मध्ये ए उजवीकडे, घोटा आत कलतो, गुडघा उजवीकडे जातो, म्हणून तीच लीव्हर डाव्या गुडघ्याच्या उजवीकडे. म्हणजे चार्टवर उलटसुलट दिसतं पण दोघांच्या पायाची हालचाल एकच युक्ती करतेय. पेडलं एमन्सची आणि लीव्हर डे ची असं अर्धवट कॉपी केलंस तर मात्र पाय एकीकडे आणि गुडघा दुसरीकडे, आयुष्यभर स्वतःशी भांडत बसशील.

सोपं काय? घोट्यावर आहे. पाय आत वळवणं ज्याला सोपं जातं तो डे ला चांगला म्हणतो. पण तुझी गिटार आधीच ए-बी-सी आहे, ती उगाच उलटवू नकोस.

दुसरी लीव्हर: ई वरून एफ. यात चर्चा नाही. हे करून बघ. तिसऱ्या फ्रेटला काही न दाबता जी मेजर. तीच जी मेजर सहाव्या फ्रेटला ए पेडल अधिक एफ लीव्हर. तीच दहाव्याला ए आणि बी पेडल. मग पंधराव्याला परत काही न दाबता. एकच कॉर्ड नेकवर चार ठिकाणी, आणि एका जागेवरून दुसरीकडे बार सरकवताना पाय-गुडघा बदलत गेला की जो आवाज येतो तोच तुला तिकडच्या दारूच्या बारमध्ये ऐकू येतो. एफ लीव्हर नसेल तर मधली सहाव्या फ्रेटची पायरीच गायब. शिवाय नुसती एफ लीव्हर दाबून एफ, जी शार्प, बी आणि नवव्या तारेचा डी वाजवलास तर पूर्ण डिमिनिश्ड सेव्हन्थ फुकटात.

मून_भक्त

पुलरॉडकाका तुमचं सगळं बरोबर, पण मला या चार्ट-चार्ट खेळाचा राग येतो हो. लोक आधी सहा लीव्हरची गिटार घेतात आणि मग वर्षभर कुठला सेटअप यावर वाद घालतात, वाजवत कोणीच नाही.

राल्फ मूनी ऐका. कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डचा तो सगळा कंट्री आवाज, विन स्ट्युअर्ट, बक ओवेन्स, मर्ल हॅगर्ड, आणि नंतर कित्येक वर्षं वेलन जेनिंग्जच्या मागे. फेंडरच्या केबलवाल्या स्टीलवर, म्हणजे रॉडऐवजी खालून सायकलच्या ब्रेकसारख्या केबली ओढणारं ते यंत्र. आणि तरी दोन सेकंदात ओळखू येतं की हा मूनी. का? त्याचा उजवा हात. तो तारेवर असा काही टणत्कार करतो की नॅशव्हिलची (कंट्री म्युझिकची राजधानीच ती) गुळगुळीत मंडळी त्याच्यापुढे झोपलेली वाटतात (भांडायला या, तयार आहे). आणि गंमत म्हणजे १९५६ मध्ये रे प्राइसचं जे 'क्रेझी आर्म्स' तुफान चाललं ते लिहिण्यात मूनीचा वाटा, आणि त्यावर स्टील वाजवलंय जिमी डे ने.

दुसरा स्नीकी पीट क्लाइनो. फ्लाइंग बरिटो ब्रदर्स या बँडचा. ई९ नाहीच! आठ तारांची फेंडर ४००, बी६ ट्यूनिंग, वर फझ (आवाज फाटल्यासारखा करणारं यंत्र) लावून. नॅशव्हिलच्या चार्टात त्याचं काहीच बसत नाही आणि कॅलिफोर्नियाच्या सगळ्या कंट्री-रॉकवर त्याचा शिक्का आहे. आणि माणसाचा मूळ धंदा काय तर स्टॉप-मोशन अ‍ॅनिमेशन, गंबी नावाचं ते हिरवं मातीचं बाहुलं होतं ना, त्यावर काम करायचा.

आणि जेरी बर्ड तर पेडलांच्या नादी लागलाच नाही. सगळं नॅशव्हिल पेडलं लावत सुटलं आणि हा बार तिरका करून त्याच कॉर्ड काढत बसला, शेवटी हवाईला जाऊन राहिला.

तेव्हा डॅलसकर, लीव्हर हवी ती लाव पण आधी उजव्या हाताचं ब्लॉकिंग शिक. तळहाताच्या कडेने तार बंद करणं. ते जमलं नाही तर एमन्सची स्वतःची गिटार दिली तरी आवाज सगळा चिखल.

पुलरॉड

मूनभाऊ, क्लाइनोवर माझंही प्रेम आहे, पण नवशिक्याला त्याचं उदाहरण देऊ नका. बी६ वर आठ तारा लावल्या की बाजारातला एकही धडा, एकही टॅब, शेजारच्या माणसाची एकही टीप कामाला येत नाही. क्लाइनोला चाललं कारण तो क्लाइनो होता. आणि मूनी काही चार्टाबाहेरचा नाही, त्याचं ते ई वरून एफ शार्पला जाणारं पेडल आज आपण सगळे सी पेडल म्हणून दाबतो, तो टणत्कार निम्मा त्याच पेडलचा आहे. बी आणि सी पेडल एकत्र दाबून ३-४-५ तारा वाजवा, सरळ एफ शार्प मायनर येते, म्हणजे ई मध्ये वाजवत असाल तर दुसरी मायनर.

कमी यंत्रात जास्त काम करणारा माणूस हवाच असेल तर लॉइड ग्रीन ऐका. १९६८ मध्ये द बर्ड्स या रॉक बँडच्या त्या कंट्री रेकॉर्डवर जे. डी. मनेसबरोबर यानेही वाजवलंय. शो-बडने याच्या नावाने एलडीजी मॉडेल काढलं, अंग दोन नेकच्या गिटारीएवढं रुंद पण नेक एकच, आपल्या बाजूला दुसऱ्या नेकच्या जागी हात टेकायची गादी. डबल नेकच्या (एक नेक ई९ चा, दुसरा सी६ ट्यूनिंगचा) जमान्यात स्टुडिओतला सगळ्यात बिझी माणूस सी६ चा अख्खा नेक काढून गादी बसवतो, यातच काय ते आलं.

(शो-बड म्हणजे शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स, दोघांनी १९५७ मध्ये काढलेली कंपनी. पुढे १९६३ मध्ये एमन्स बाहेर पडला आणि रॉन लॅशलीबरोबर स्वतःच्या नावाची कंपनी काढली, तिची पुश-पुल गिटार आजही लोक जपून ठेवतात. आवाजाला तोड नाही, पण तिचं ट्यूनिंग करणं म्हणजे शिक्षा.)

कोमल_निषाद

मी कोल्हापूरचा, हवाईयन वाजवतो, सहा तारा, मांडीवर, पेडल प्रत्यक्षात कधी बघितलं पण नाही. मधे तोंड घालतोय, चालेल ना?

आमच्याकडे हे वाद्य हवाईतूनच आलं. ताऊ मो नावाचा हवाईयन माणूस कलकत्त्यात येऊन राहिला, वाजवला, शिकवला, मग हिंदी सिनेमात व्हॅन शिपले, हजारा सिंग. शास्त्रीयमध्ये ब्रिजभूषण काब्रा, १९६७ च्या त्या प्रसिद्ध रेकॉर्डवर शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसादांच्या बरोबरीने गिटार आहे ती काब्रांचीच. या सगळ्यांनी जे काय केलं ते बारने केलं. मींड, गमक, सगळं. मग भावा, मला एक समजत नाही, बार हातात असताना पेडल कशाला? सा वरून रे ला जायचं तर बार सरकव की. पायाने तार ओढण्यात काय लै मोठं आहे?

पुलरॉड

चांगला प्रश्न आहे, आणि याचं उत्तर कळलं की सगळे सेटअप कळतात.

बार सरकवलास की बारखालच्या सगळ्या तारा एकत्र सरकतात. तुमच्या संगीतात त्याने काही बिघडत नाही, कारण गाणारी तार एकच आणि खाली सा-प झंकारत असतो तो वेगळ्या तारांवर. पण इथे तीन तारांची कॉर्ड वाजतेय आणि मला त्यातला एकच सूर हलवायचाय, बाकीचे दोन जागेवर थांबले पाहिजेत. ई तशीच राहते, आणि तिच्या अंगाखालून बी चढत चढत सी शार्पला जाते. म्हणजे षड्ज धरून ठेवलेला आणि पंचम धैवताला निघालाय, एकाच वेळी, एकाच हाताखाली. बार तिरका करून थोडं जमतं, जेरी बर्डला खूप जमायचं, पण एमन्सचं जे आहे ना, दोन सूर चढतायत, एक उतरतोय आणि वर बारचा व्हायब्रेटो चालू, ते नाही जमणार.

आणि पेडलचा शेवटचा सूर ठरलेला असतो. रॉडच्या टोकाला नायलॉनचा नट असतो तो फिरवून एकदा लावला की पेडल पूर्ण दाबल्यावर तार बरोबर तिथेच थांबते. मधला प्रवास किती वेगात करायचा तेवढं फक्त पायाच्या हातात.

कोमल_निषाद

आता समजलं. धैवताला जायचं आणि षड्ज हलवायचा नाही. झकास.

मग डॅलसकरच्या ट्यूनरच्या प्रश्नावर मी बोलू का? कारण ते मला वाचताक्षणी दिसलं. ई ला सा धरा. मग जी शार्प म्हणजे शुद्ध गंधार. ट्यूनर जो मधोमध गंधार दाखवतो तो पेटीचा गंधार, आणि पेटीचा गंधार तानपुऱ्याच्या गंधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट (अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर एक भाग म्हणजे एक सेंट) चढा असतो. तानपुरा नीट लागला की खरजातून आपोआप गंधार ऐकू येतो, तो खालचा असतो. एकेकटी तार वाजवताना १४ सेंट कळत नाहीत, पण स्टीलसारखा लांब टिकणारा आवाज आणि तीन तारा एकत्र म्हटल्यावर तो चढा गंधार टोचणारच. कान खराब नाही तुमचा, उलट चांगला आहे म्हणून आंबट लागतंय.

आता पुलरॉडदादा, तुमच्या पेडलांचा हिशेब मी कागदावर करून बघितला. ए पेडलने बी चा सी शार्प होतो, तो ए कॉर्डचा गंधार. ए म्हणजे मध्यम, त्याचा गंधार, म्हणजे हासुद्धा पेटीपेक्षा खाली, साधारण १६ सेंट. मग तुमच्या त्या सहाव्या फ्रेटच्या कॉर्डमध्ये हा सी शार्पच षड्ज होतो आणि एफ लीव्हरचा एफ त्याचा गंधार. म्हणजे गंधाराचा गंधार, एकावर एक. तो तर पेटीच्या एफपेक्षा जवळजवळ ३० सेंट खाली जायला पाहिजे, नाहीतर जुळणार नाही. बरोबर आहे का? आणि त्या कॉर्डचा पंचम म्हणजे तोच जी शार्प, तो आपण आधीच १४ ने उतरवलाय आणि तो बरोब्बर बसतो. हे बघून मला तर मजाच वाटली.

पुलरॉड

कोल्हापूरकर, तुम्ही स्टील न बघता जे काढलंत ते इथे लोकांना शिकवायला जेफ न्यूमनसारख्या माणसाला चार्ट छापायला लागले. हो, एफ लीव्हर २८-३० सेंट खाली लावणारे खूप जण आहेत, आणि ट्यूनरकडे बघून "हे चुकलंय" म्हणणारे नवशिकेही तितकेच. डॅलसकर, ट्यूनर फक्त ई लावायला वापर, मग जी शार्प ई शी जुळवून कानाने लाव, ठोके (सूर नीट जुळले नाहीत की ऐकू येणारी थरथर) बंद होईपर्यंत. मग ए-बी दाबून सी शार्प, शेवटी एफ लीव्हर.

पण एक भानगड राहते आणि ती कोणालाच सुटलेली नाही. एफ शार्प. पहिल्या आणि सातव्या तारेचा एफ शार्प हा बी चा पंचम म्हणून लावला तर तो पेटीपेक्षा किंचित वर हवा. आणि सी पेडलने चौथ्या तारेवर येणारा एफ शार्प, तो त्या मायनर कॉर्डमध्ये सी शार्प आणि ए शी जुळवला तर बराच खाली हवा. एकाच नावाचे दोन सूर.

कोमल_निषाद

अहो ते तर आमचे दोन रिषभ! ९/८ चा चतुःश्रुतिक आणि १०/९ चा त्रिश्रुतिक. मधला फरक ८१/८०, सुमारे २२ सेंट, प्रमाण श्रुती म्हणतात त्याला. यावर आमच्याकडे ग्रंथच्या ग्रंथ पडलेत आणि तुम्ही ते नटाने फिरवताय 😄

पुलरॉड

अगदी तोच फरक. काहीजण जास्तीचे रॉड लावतात, म्हणजे पेडल दाबलं की सातवी तारसुद्धा केसभर सरकेल असं. बाकीचे दोन्हीच्या मधे कुठेतरी लावतात आणि बारने सांभाळून घेतात. वर शिवाय पेडल दाबलं की गिटारचं अंगच ताणाने किंचित वाकतं आणि न दाबलेल्या तारा दोनचार सेंट उतरतात, जुन्या स्टुडंट मॉडेलला हे जास्त. तेव्हा तुझ्या गिटारवर ए-बी दाबून ठेव आणि मग ई किती उतरते ते ट्यूनरवर बघ, आणि ई लावतानाच तेवढी वर लाव. खूप जण ई ट्यूनरच्या ४४० च्या खुणेपेक्षा जरा वर ठेवतात त्याचं एक कारण हेच.

डॅलसकर

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. ट्यूनिंग करून बघितलं, जी शार्प उतरवला, एकदम फरक!! बायको आतून विचारते आज वेगळं काय लावलंयस.

एफ लीव्हर डाव्या गुडघ्याच्या डावीकडे, नक्की झालं. पण अजून एक जागा उरते. मला त्या फ्रँकलिनच्या जास्तीच्या पेडलचं आकर्षण वाटतंय. ते घ्यावं का? आणि माझी आत्ताची ई उतरवणारी लीव्हर उजव्या गुडघ्यावर आहे, सगळीकडे ती डाव्या गुडघ्याच्या उजव्या बाजूला दाखवलीये, ती हलवू का?

मून_भक्त

फ्रँकलिन पेडल आत्ता नको रे. पॉल फ्रँकलिन नॅशव्हिलमध्ये किती रेकॉर्डवर आहे त्याला गणती नाही, १९९१ मध्ये डायर स्ट्रेट्सच्या शेवटच्या अल्बमवर पण तोच, गिटार त्याच्या वडिलांनीच बनवलेली. पण त्याच्या नावाचं पेडल म्हणजे ५ आणि १० बी वरून खाली ए ला आणि ६ जी शार्पवरून खाली एफ शार्पला. हे कधी लागतं? जेव्हा तुला ए-बी ची भाषा येऊन तिचा कंटाळा आलेला असतो तेव्हा. आत्ता ते लावलंस तर नुसतं खेळणं होईल.

पुलरॉड

यावेळी मूनभाऊंशी सहमत, तारीख लिहून ठेवा.

तिसरी लीव्हर म्हणून दुसऱ्या तारेचा डी शार्प खाली आणि नवव्याचा डी खाली सी शार्पला, ही लाव. दुसरी तार आधी डी ला अडते आणि अजून जोर दिला की सी शार्पला जाते, मधे पायाला अडखळल्यासारखं जाणवतं, त्याला हाफ-स्टॉप म्हणतात, तो काकांकडून नीट लावून घे. एमन्स मंडळींच्या सगळ्या चार्टांवर ही कुठे ना कुठे असतेच, बहुतेक वेळा उजव्या गुडघ्याच्या उजवीकडे, जिथे तुझी ई-उतरती बसलीये.

म्हणून हो, ती हलव. ई-उतरती डाव्या गुडघ्याच्या उजवीकडे गेली की एकच गुडघा डावीकडे गेला तर ई वर आणि उजवीकडे गेला तर ई खाली. काही चांगले लोक ती मुद्दाम उजव्या गुडघ्यावर ठेवतात, म्हणजे चढती आणि उतरती वेगवेगळ्या पायांवर, आणि एकावरून दुसरीवर जाताना मधे ई ऐकू येत नाही. दोन्ही चालतं. पण नवशिक्याला उजव्या गुडघ्याचा एक त्रास असतो, उजवा पाय व्हॉल्यूम पेडलवर आहे, गुडघा जोरात हलवला की व्हॉल्यूमपण उडतो. जी लीव्हर सतत लागणार ती तिथे नको.

आणि ती ई-उतरती फालतू समजू नकोस. ती दाबली की ई९ मधून बी६ निघतं. बारा तारांची युनिव्हर्सल गिटार म्हणतात ती याच एका युक्तीवर चालते, लीव्हर कुलूपासारखी अडकवून ठेवायची आणि मग दुसऱ्या नेकचं सी६ चं सगळं जॅझ-स्विंग अर्धा सूर खाली त्याच नेकवर. पण तो वेगळा धागा होईल.

कोमल_निषाद

डॅलसकर, लीव्हर बसली की रेकॉर्डिंग टाका. आणि सहाव्या फ्रेटवर ती गंधाराच्या गंधाराची कॉर्ड नक्की धरा, जास्त वेळ.

डॅलसकर

टाकतो टाकतो. काकांना फोन केला, पुढच्या शनिवारी बोलावलंय. फक्त एक राहिलं, बी पेडल जोरात दाबलं आणि तिसरी तार तुटली, खणकन. मी जास्त जोर दिला का?

पुलरॉड

नाही रे, ती सगळ्यांचीच तुटते. ०.०११ ची तार, एवढ्या उंच जी शार्पला ताणलेली आणि वर दर मिनिटाला ए ला खेचली जाते, ती किती टिकणार. त्या एका मापाच्या सुट्या तारा डझनाने घे, अख्खा सेट घेत बसू नकोस. नवी लावलीस की बी पेडल पाचपन्नास वेळा दाब, ताण बसू दे, आणि मग ट्यून कर, नाहीतर काकांकडे पोचेपर्यंत परत उतरलेली असेल. जाताना एक जास्तीची खिशात ठेव.